मिल रिटायर झाली, मी राहिलो

"मास्टरसाब, ये किसको आँख मार रहे हो?"

सेठजी लॅबच्या दारात उभे होते. मी खिडकीशी. माझ्या हातात क्रीम रंगाच्या कापडाचे दोन तुकडे होते आणि मी आधी डावा डोळा मिटत होतो, मग उजवा, मग परत डावा. समोर वैशाली उभी. ही आमची लॅब बघायची, वयाने माझ्या मुलीएवढी. बघणाऱ्याला ते काही बरं दिसत नव्हतं, हे मला मान्य आहे.

"सेठजी, अंदर आओ और दरवाजा लगा दो," मी म्हणालो. "अपना एक्स्पोर्ट का माल गया काम से."

सेठजींचा चेहरा उतरला. वैशालीने छताकडे बघितलं. ती हे पंधरवड्यापूर्वीच म्हणाली होती, आणि मी तिला उडवून लावलं होतं.

हे नीट कळायला माझा धंदा काय ते सांगायला हवं. मी डाइंग मास्टर, म्हणजे कापडाला रंग देणाऱ्या खात्याचा प्रमुख. गिऱ्हाईक एक नमुन्याचा तुकडा देतं, त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. आपण रंगवलेलं कापड त्या तुकड्याशेजारी धरायचं आणि सांगायचं, पास की फेल. याला शेड मॅचिंग म्हणतात. शेड बघायची ती उत्तरेच्या खिडकीत. त्या बाजूने ऊन थेट आत येत नाही, उजेड एकसारखा असतो. ट्यूबलाइटखाली शेड पास करणारा असिस्टंट मी कधी चालवून घेतला नाही. सांगायला काम एवढंसं, पण मास्टर 'पास' म्हणाला की कापड गाठी बांधायला जातं, आणि चुकीचं 'पास' म्हणाला की त्याच गाठी दुप्पट वेगाने परत येतात.

माझी उमेदीची वर्षं इंदूरच्या एका मिलमध्ये गेली. मिलमध्ये रिटायर व्हायला अक्कल लागत नसे. वय झालं की ऑफिसातून कागद यायचा. खात्यातली माणसं शाल-नारळ द्यायची, कोणीतरी रडवेलं होऊन दोन शब्द बोलायचं, गरम कचोरी यायची, आणि माणूस नारळ हँडलला अडकवून सायकलीवरून घरी. कधी जायचं हा प्रश्न आपल्याला पडायचाच नाही. माझी मात्र ती वेळ आली नाही. माझ्या आधी मिलच रिटायर झाली. एका सकाळी गेटला कुलूप आणि आम्ही सगळे बाहेर. ना शाल, ना नारळ. कचोरी आम्ही आमची विकत घेऊन खाल्ली.

तेव्हा एकेक करून सगळ्याच मिल्स आचके देत होत्या. माझं नशीब बरं. सांवेर रोडवर एका सेठजींचं प्रोसेस हाऊस होतं. म्हणजे दुसऱ्याचं कोरं कापड आणायचं, ब्लीच करायचं, रंगवायचं आणि परत द्यायचं. सेठजींनी मला बोलावलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आऊंगा, लेकिन मेरे आदमी भी आएंगे."

"ले आओ, ले आओ," सेठजी म्हणाले.

माझे आदमी म्हणजे बाबूलाल आणि त्याच्याबरोबरची जिगरवरची मंडळी. जिगर म्हणजे रंगाच्या हौदातून कापड इकडून तिकडे, तिकडून इकडे गुंडाळत नेणारं मशीन. बाबूलाल मिलमध्ये माझ्या हाताखाली जिगर चालवायचा. मिल बंद झाल्यावर यातले काही भाजीची गाडी लावायला निघाले होते, काही नुसतेच गेटसमोर बसून राहायचे. त्यांना घेऊन मी सांवेर रोडवर गेलो त्या दिवशी माझी छाती काय फुगली होती म्हणून सांगू!

ती फुगलेली छाती पुढे त्याच नोकरीने फोडली. सेठजी माणूस वाईट नाही. मनात काही ठेवत नाहीत, कारण सगळं फोनवर बोलून टाकतात. "माल क्यों रुका?" "पार्टी बैठी है!" "लाल इतना लाल क्यों है?" मी जेवायला बसलो की घरचा फोन वाजायचा. माझी बायको शैला शेवटी विचारायला लागली, "सेठजींचा फोन येऊन गेला का? मग वाढते." खिशात पेनाशेजारी अॅसिडिटीच्या गोळ्या असायच्या. झोपेत मी 'पास, पास' म्हणायचो, असं तिचं म्हणणं.

दर दिवाळीला मी ठरवायचो, बस्स झालं, आता सोडायची. आणि दर दिवाळीला बाबूलाल मिठाईचा डबा घेऊन जुन्या इंदुरात आमच्या घरी यायचा, बायको-मुलांसकट. त्याच्याकडे बघितलं की माझा बेत बारगळायचा. मी गेलो की सेठजी म्हणणार, मास्टर गेला, आता त्याची माणसं कशाला पोसू? ही मंडळी एकदा गेटबाहेर पडली होती. परत माझ्यामुळे पडायला नकोत. मग मी मिठाई खायचो आणि गोळी घ्यायचो.

शैला म्हणायची, "अहो, मिलमध्ये कागद यायचा. इथे कोण पाठवणार तुम्हाला कागद?"

"बघू," मी म्हणायचो.

मग ते उदारीकरण आलं. सगळ्या सेठ लोकांना एक्स्पोर्टची स्वप्नं पडायला लागली. आमच्या सेठजींना दिल्लीचे एक एजंट भेटले, गुप्ताजी. त्यांनी परदेशातल्या एका पार्टीची बेडशीटच्या कापडाची ऑर्डर आणली. रंग एकच, हलका क्रीम. सेठजींनी हौसेने कलर मॅचिंगचा कॉम्प्युटर घेतला. तो कापडावर उजेड टाकून शेडमधला फरक आकड्यात सांगतो. तो चालवायला वैशाली आली. जळगावची, टेक्स्टाइल इंजिनिअर, विजय नगरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. सेठजींनी सगळ्यांना जमवून सांगितलं की ही ऑर्डर पास झाली तर वर्षभर काम, आणि फेल झाली तर एक्स्पोर्टचं खातं बंद, जिगर बंद. हे ऐकताना बाबूलालने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याला हाताने 'टेन्शन नको' असं केलं.

पहिला लॉट झाला. म्हणजे एका वेळी रंगवलेलं सगळं कापड. खिडकीत आम्ही तिघे जमलो: मी, सेठजी आणि गुप्ताजी. तिघेही साठीच्या आसपासचे, तिघांच्याही नाकावर जाड चष्मे.

"एकदम सेम टू सेम," गुप्ताजी म्हणाले.

"वाह!" सेठजी म्हणाले.

"पास," मी म्हणालो.

शेडवरून भांडण झालं नाही असा दिवस या धंद्यात विरळा. माझं आणि सेठजींचं मात्र हलक्या रंगांवरून कधी म्हणून वाजलं नव्हतं, आणि आता गुप्ताजीही आमच्याच बाजूचे. मला वाटायचं, अनुभव बोलतोय.

वैशाली मागून म्हणाली, "सर, कॉम्प्युटर फेल देतोय. आपलं कापड स्टँडर्डपेक्षा पिवळं आहे. आणि सर, मला पण पिवळंच दिसतंय."

"बेटा, ती पेटी अजून नवी आहे," मी म्हणालो. "तिला शिकू दे जरा."

सेठजी खो खो हसले. वैशालीने आपल्या कागदावर काहीतरी खरडलं.

आता घरातली गोष्ट. त्याच आठवड्यात मी एका लग्नाला निघालो, पांढराशुभ्र सदरा घालून. शैला दारात आडवी आली. "हा नका घालू. पिवळा पडलाय."

"पिवळा? अगं, मी डाइंग मास्टर आहे!"

"तुम्ही कोणीही असा. सदरा पिवळा आहे."

भांडण जुंपलं. शेजारणीला बोलावलं, ती म्हणाली पिवळा. दूधवाला आला, त्याला कोणी विचारलंही नव्हतं, तोही म्हणाला पिवळा. दुसऱ्या दिवशी शैलाने मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारली आणि म्हणाले, "मोतीबिंदू. चांगला पिकलाय. किती दिवस असेच फिरताय?" आधी उजव्याचं ऑपरेशन ठरलं. डाव्याचं पुढे कधीतरी.

खरं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, आला कागद! डोळे गेले म्हटल्यावर डाइंग मास्टरला कोण ठेवणार? मी काही न बोलता सुटणार. हॉस्पिटलच्या खाटेवर पट्टी बांधून मी इतका खुशीत होतो की शैलाला वाटलं, औषध डोक्यात चढलं.

पट्टी निघाली आणि मी उडालोच. भिंत इतकी पांढरी असते हे मी कधीच विसरून गेलो होतो. नर्सचा गणवेश, चादर, उशी, सगळं निळसर पांढरं, नुकतं धुतल्यासारखं. डॉक्टरांनी समजावलं: मोतीबिंदूने डोळ्यातली काच पिवळट होते, मग हलक्या पिवळ्यातला फरक दिसेनासा होतो. पांढरा आणि फिकट पिवळा एकच वाटायला लागतात.

हे ऐकलं आणि माझी सगळी खुशी उतरली. क्रीम!

कामावर रुजू झालो त्या दिवशी डबासुद्धा खाली न ठेवता मी लॅबमध्ये गेलो. स्टँडर्ड आणि पास केलेला तुकडा घेऊन खिडकीशी उभा राहिलो. उजवा डोळा मिटला, जुन्या डाव्याने बघितलं: दोन्ही तुकडे एकच. डावा मिटला, नव्या उजव्याने बघितलं: एक क्रीम, आणि दुसरा सरळ सरळ हळदीचा हात लागलेला. परत बघितलं. परत तेच. वैशाली समोर येऊन उभी राहिली, आणि नेमके तेव्हा सेठजी आले.

सेठजींना पटवणं म्हणजे नाकी नऊ. त्यांनी तुकडे हातात घेतले. "दोनों एक ही तो है."

"एकेक आँख बंद करके देखो."

त्यांनी एक डोळा मिटला. मग दुसरा. "दोनों आँख से एक ही दिख रहा है!"

"वोही तो रोना है, सेठजी! आपकी दोनों बाकी हैं."

ते चिडले. वैशालीने हळूच दार उघडून बाहेरच्या अकाउंटंटला हाक मारली. तरुण मुलगा, नवं लग्न झालेला, कापडाशी त्याचा संबंध फक्त बिलापुरता. तिने तुकडे त्याच्यापुढे धरले आणि विचारलं, हे दोन्ही एक आहेत का?

"नहीं तो," तो म्हणाला. "ये वाला पीला है. गोडाउन में भी देखा था. मैं तो समझा, दो क्वालिटी जा रही है."

सेठजी मटकन स्टुलावर बसले. आम्ही तिघं चष्मेवाले, खिडकीत मान डोलावत एकमेकांना वाहवा देत होतो, आणि सगळ्या फॅक्टरीला पिवळं दिसत होतं. परदेशातल्या पार्टीलाही दिसलंच असतं. तिकडे माल उतरवून घेणाऱ्याला मोतीबिंदू असावा, एवढ्या भरवशावर ऑर्डर चालली होती.

नशीब एवढंच की पुढचे लॉट व्हायचे होते म्हणून पहिला अजून गोडाउनमध्येच होता. मी गुप्ताजींना फोन करून मुदत वाढवून मागितली. फोन ठेवताना त्यांना म्हणालो, "और आप आँख दिखा लो." ते रागावले. मग कापड परत पांढरं करून परत रंगवायचं ठरलं. या वेळी रंगाचं माप वैशालीने काढलं. मी जिगरजवळ उभा राहून बाबूलालला सांगितलं, "मॅडम जे सांगतील ते. माझं ऐकायचं नाही."

"आपका भी नहीं?" तो म्हणाला.

"माझं तर मुळीच नाही."

पोरीने जिगर सोडलं नाही. बाबूलाल आणि मंडळी दोन-दोन पाळ्या थांबली. शेवटी तुकडा सुकून आला. कॉम्प्युटर पास म्हणाला, वैशाली पास म्हणाली, अकाउंटंट पास म्हणाला, आणि मग मी माझ्या एका डोळ्याने पास म्हणालो. माल गेला. पुढे पार्टीचा दुसऱ्या ऑर्डरचा निरोप आला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता माझी पाळी. मी सेठजींच्या केबिनमध्ये गेलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सेठजी, आँखें जवाब दे गई. अब छुट्टी दो."

"दूसरी का भी करा लो," सेठजी म्हणाले. "खर्चा मेरा. एकदम नए हो जाओगे!"

झालं का आता! डॉक्टरही हेच म्हणाले होते. दुसरं ऑपरेशन झालं की मी पुन्हा ठणठणीत. माझा कागद सेठजींनी जागच्या जागी फाडला. मी खुर्चीत बसून राहिलो आणि तेव्हा मला कळलं की मी किती वर्षं दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत होतो. मिलने सांगावं, डॉक्टरने सांगावं, डोळ्यांनी सांगावं. मी सोडून सगळ्यांनी.

"सेठजी," मी म्हणालो, "आँख तो बहाना है. मन भर गया. मुझे अब गरम रोटी खानी है, फोन के बिना."

टेबलावरचा फोन वाजला, सेठजींनी उचलला नाही. हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग मान हलवून म्हणाले, "लड़की संभाल लेगी?"

"लड़की ने ही संभाला है. बस एक बात. मेरे आदमियों को मत निकालना."

"कौन से आदमी?"

"मिलवाले. बाबूलाल वगैरह. जिनको मैं साथ लाया था."

"वो आप लाए थे?" सेठजींनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. मग हसायलाच लागले. "क्या मास्टरसाब आप भी! उनको निकालूंगा तो जिगर कौन चलाएगा, मैं? ऐसे हाथ मैं और ढूंढ रहा हूं, मिल नहीं रहे."

तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी वर्षं गोळ्या खाऊन मी ज्यांच्या नोकऱ्या धरून ठेवल्या होत्या, त्या नोकऱ्यांना माझ्या आधाराची गरजच नव्हती. पहिल्या महिन्यानंतर सेठजी ते सगळं विसरले होते. हसावं की रडावं कळेना. जिना उतरेपर्यंत मी हसायला लागलो होतो.

खाली बाबूलाल ओल्या फरशीवर उभा होता. मी म्हणालो, "बाबूलाल, मैं छोड़ रहा हूं."

त्याने हात पुसले. "सच्ची?"

"सच्ची."

"पलटोगे तो नहीं?"

"नहीं रे बाबा."

"तो साब," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा असा काही फुलला, "फिर मैं भी छूटा!"

मग कळलं. त्याच्या मुलाने सियागंजच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं, चांगलं चाललं होतं. मुलगा कधीपासून म्हणत होता, बाबूजी, गल्ल्यावर येऊन बसा. पाण्यात उभं राहून राहून बाबूलालचे गुडघे केव्हाचे कामातून गेले होते. पण तो घरी सांगायचा, मास्टरसाबांनी आपल्याला मिलच्या गेटवरून उचलून आणलं, त्यांना एकटं टाकून कसा जाऊ? दिवाळीला मिठाई घेऊन यायचा तो दर वेळी हेच बोलायला यायचा, आणि माझा चेहरा बघून तसाच परत जायचा.

"अरे गाढवा, बोलायचं नाही का!" मी ओरडलो.

"आप भी तो नहीं बोले," तो म्हणाला. तेवढं बोलून त्याने डोळे पुसले, म्हणून मीही पुसले. नवा डोळा जपून पुसला.

आमचा निरोपसमारंभ एकत्रच झाला, कँटीनमध्ये. गरम कचोरी आली. वैशाली दोन शब्द बोलली आणि माझं त्या पेटीवरचं वाक्य तिने सगळ्यांना नक्कल करून ऐकवलं. सेठजींनी शाली स्वतः दुकानात जाऊन निवडल्या होत्या. "दोनों एकदम सफेद, सेम टू सेम," त्यांनी जाहीर केलं. माझ्या खांद्यावर आली ती पांढरी होती. बाबूलालच्या खांद्यावरची चक्क पिवळी. सगळी फॅक्टरी हसू दाबत होती. मी वैशालीकडे बघून डोळा मारला, या वेळी खरा.

सेठजींनी पुढच्याच महिन्यात डोळे करून घेतले. मी अधूनमधून सियागंजात बाबूलालच्या गल्ल्यावर चहाला जातो. आम्ही दोघं एकमेकांची काळजी घेत घेत एकमेकांना इतकी वर्षं ओल्या फरशीवर उभं ठेवलं, यावर दर वेळी नव्याने हसतो. मला कोणी विचारतं, रिटायर कधी व्हावं? मी म्हणतो, तारखेचं मला माहीत नाही. ज्यांच्यासाठी नोकरी सोडवत नाही, त्यांना एकदा चहाला बोलवा आणि सरळ विचारा. बहुतेक तेही तुमच्याचसाठी थांबलेले निघतील.